इंडिकेटर चालतात, पण हॅझर्ड लागत नाही: जुन्या ट्रकमधला बिघाड कसा शोधायचा

प्रश्न असा आहे: गाडी २००२ ची टाटा एलपीटी १६१३, २४ व्होल्टची. डावा आणि उजवा इंडिकेटर नीट चालतो. हॅझर्डचं, म्हणजे चारी इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं बटण दाबलं की काहीच होत नाही, टिकटिकसुद्धा नाही. वायरमनने दोनदा फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारी डबी) बदलला. आता तो म्हणतो, सगळी वायरिंग नवीन टाकू. पासिंग तोंडावर आलंय. काय करावं?

दादा, वायरिंग नवीन टाकायचा बेत आधी बाजूला ठेवा. तुमच्या दोन ओळींतच अर्धं काम झालंय. डावा-उजवा इंडिकेटर नीट चालतो म्हणजे चारी बल्ब चांगले, त्यांचे होल्डर चांगले, मागच्या दिव्यांपर्यंत गेलेल्या तारा चांगल्या, अर्थ (चेसिसमधून बॅटरीच्या मायनसला जाणारी परतीची वाट) चांगला, आणि फ्लॅशरही चांगला. कारण हॅझर्डला तोच फ्लॅशर आणि तेच दिवे वापरले जातात. मग दोन फ्लॅशर कशासाठी बदलले? वायरमनला नावं ठेवत नाही, मीही सुरुवातीची चार-पाच वर्षं असंच करायचो. दिवा लुकलुकत नाही म्हणजे फ्लॅशर, असं डोक्यात बसलेलं असतं. आणि फ्लॅशर बदलायला सोपा असतो, हेही आहेच.

आपल्याकडे कोणी याला ‘पार्किंग’ म्हणतं, कोणी ‘डबल इंडिकेटर’, कोणी ‘चारी’. नाव काहीही असो, त्याची खरी खूण एकच: चावी काढून घेतली तरी ते चाललं पाहिजे. गाडी बंद पडलीय, चावी ड्रायव्हरच्या खिशात आहे, तो खाली उतरून चाक बघतोय, आणि दिवे मात्र लुकलुकतायत. इंडिकेटर चावी चालू असेल तरच चालतो. म्हणजे एकाच फ्लॅशरला दोन वाटांनी प्लस यायला हवा: एक चावीतून, दुसरा थेट बॅटरीवरून. या दोन वाटांची अदलाबदल हॅझर्डच्या स्विचमध्ये होते, आणि तुमच्यासारख्या केसमध्ये घोळ जवळजवळ नेहमी तिथेच असतो.

स्विच काढून मागून बघा. पिनांशेजारी बारीक आकडे कोरलेले दिसतील: १५, ३०, ४९, ४९ए, एल, आर, कधी ३१ आणि सी. हे आकडे जर्मन डीआयएन ७२५५२ पद्धतीचे. १९५४ मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ ला संपला, पण आकडे राहिले. एकदा पाठ केले की तारांच्या रंगांवर अवलंबून राहावं लागत नाही. वीस वर्षांच्या ट्रकमध्ये तसंही रंगांना अर्थ उरलेला नसतो. ज्या वायरमनकडे त्या दिवशी जी गुंडाळी होती, ती तार त्याने लावलेली असते.

३० म्हणजे थेट बॅटरीचा प्लस, चावीशी संबंध नाही. १५ म्हणजे चावी चालू केल्यावर येणारा प्लस. ४९ म्हणजे फ्लॅशरमध्ये जाणारी लाइन, ४९ए म्हणजे फ्लॅशरमधून लुकलुकत बाहेर पडणारी. एल आणि आर हे डावे-उजवे दिवे, ३१ म्हणजे अर्थ, सी म्हणजे डॅशबोर्डवरच्या इंडिकेटरच्या खुणेच्या दिव्याची लाइन. बटण वर असताना स्विचच्या आत १५ हे ४९ ला जोडलेलं असतं. म्हणजे साधा इंडिकेटरसुद्धा हॅझर्डच्या स्विचमधूनच जातो. हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. बटण दाबलं की १५ सुटतं, त्याच्या जागी ३० येऊन ४९ ला लागतं, आणि त्याच वेळी ४९ए हे एल आणि आर दोघांनाही जोडलं जातं. एका बटणात दोन कामं: प्लस बदलणं आणि डाव्या-उजव्याची गाठ मारणं. यातलं एक जरी झालं नाही, तरी तुम्हाला बाहेरून ‘काहीच होत नाही’ असंच दिसतं.

मग दोघांपैकी कोणतं झालं नाही, हे हत्यार न उचलता कळतं. माझ्या दुकानात गाडी आली की मी आधी हेच करतो, पाना-पक्कड नंतर.

चावी चालू करा. इंडिकेटरची दांडी डावीकडे टाका, डावे दिवे लुकलुकायला लागतील. आता दांडी तशीच ठेवून हॅझर्डचं बटण दाबा आणि डाव्या दिव्यांकडे लक्ष ठेवा.

डावे दिवेही बंद पडले, तर स्विचने आपलं पहिलं काम केलंय. त्याने चावीचा प्लस सोडला आणि बॅटरीच्या प्लसकडे गेला, पण तिथे त्याला काही मिळालं नाही. म्हणजे ३० नंबरवर करंट येत नाही, किंवा आलेला करंट आतल्या खराब कॉन्टॅक्टमुळे ४९ पर्यंत पोचत नाही. फ्यूजपासून शोध सुरू करायचा.

डावे चालूच राहिले आणि उजवे त्यांना येऊन मिळाले नाहीत, तर काहीही न हलवता फक्त चावी बंद करा. चावी बंद करूनही डावे लुकलुकत राहिले तर बॅटरीचा प्लस व्यवस्थित येतोय, फ्यूज ठीक आहे. गाठ मारणारा कॉन्टॅक्ट गेलाय, किंवा ४९ए, एल, आर यांच्या पिना कपलरमध्ये (तारा स्विचला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये) सैल झाल्यात. फ्यूज बॉक्सकडे बघूसुद्धा नका, स्विच आणि कपलर धरा.

चावी बंद करताच डावे विझले, तर स्विचचं बटण नुसतं खाली जातंय, आत काही हलत नाही. किंवा, आणि हे फार वेळा सापडतं, आधीच्या कोणीतरी स्विच बायपास केलाय. कधीतरी हॅझर्डचा स्विच खराब झाला, त्यामुळे इंडिकेटरही बंद पडले, गाडीला भाडं घेऊन निघायची घाई होती, आणि कोणीतरी चावीची लाइन सरळ फ्लॅशरच्या ४९ वर आणून जोडली. इंडिकेटर चालले, ड्रायव्हर खूश, हॅझर्ड कायमचा गेला. पुढे पाच वर्षं कोणाला पत्ता नाही. स्विच जागेवर दिसतो, पण कपलर मागे लोंबकळत असतो.

बायपास केलेल्या गाडीत घाईने हॅझर्ड जिवंत करायला जाऊ नका. चावीची लाइन ४९ वर तशीच ठेवून स्विच परत जोडला, तर चावी बंद असताना हॅझर्ड दाबताच बॅटरीचा प्लस ४९ वरून उलटा चावीच्या लाइनमध्ये शिरतो. मीटरच्या काट्यांची आणि डॅशबोर्डची बत्ती चावीशिवाय लागते आणि सगळा भार त्या एका बारीक तारेवर येतो. एक गाडी अशी आली होती की मालक सांगत होता, ‘हॅझर्ड दाबलं की वायपर फिरतो.’ आम्ही हसलो, पण त्याचं खरं होतं. आधी बायपासची तार काढायची, मग स्विच लावायचा.

एक शंका इथेच मिटवून घ्या. तुमच्या गाडीला हॅझर्ड कंपनीचाच आहे की नंतर कोणी वेगळा फ्लॅशर आणि वेगळं बटण लावून बसवलाय? चावी आणि इंडिकेटर चालू ठेवून हॅझर्डच्या स्विचचा कपलर ओढून काढा. इंडिकेटर बंद पडले तर जोडणी मूळची, वर लिहिलेलं सगळं लागू. चालूच राहिले तर एक तर बायपास आहे, नाहीतर हॅझर्ड वेगळा आहे. वेगळा असेल तर त्याच्या बटणापासून निघणाऱ्या तारा हाताने माग काढत जा. तिथे ही परीक्षा चालणार नाही, आणि फ्लॅशर दोन असल्यामुळे हॅझर्डचा फ्लॅशर खरंच गेलेला असू शकतो.

आता तुमची केस. टिकटिकही नाही, आणि २००२ ची गाडी. माझा अंदाज ३० च्या लाइनवर किंवा स्विचच्या कॉन्टॅक्टवर आहे. कारण साधं आहे. इंडिकेटरचा कॉन्टॅक्ट दिवसातून दोनशे वेळा वापरला जातो, घासून घासून स्वच्छ राहतो. हॅझर्डचा कॉन्टॅक्ट वर्षातून एकदा, पासिंगच्या दिवशी. बाकी दिवस धूळ, डिझेलचा धूर, पावसाळ्यात काचेच्या रबरातून गळणारं पाणी, यांचा थर त्याच्यावर बसत राहतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: चावी बंद ठेवून बटण जोर लावून वीस-तीस वेळा दाबा-सोडा. बऱ्याच गाड्या इथेच चालू होतात. चालू झाली म्हणून खूश होऊन सोडून देऊ नका, स्विच आतून खराब आहे हे कळलं इतकंच. पासिंगच्या रांगेत तो पुन्हा दगा देईल.

पुढच्या शोधाला एक टेस्ट दिवा बनवून घ्या. २४ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचाच बल्ब, होल्डरसकट, दोन लांब तारा, एका टोकाला क्लिप, दुसऱ्याला टोकदार सळई. बाजारात छोटी एलईडी असलेला टेस्टर मिळतो, तो या कामाला घेऊ नका. आणि डिजिटल मीटरवरही आंधळा विश्वास ठेवू नका. तार आतून कुजून तिचा एकच धागा उरला असेल, तरी मीटर २५ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. वायरमन म्हणतो, ‘करंट येतोय की!’ आणि स्विच बदलतो, मग फ्लॅशर बदलतो. तिथेच २१ वॉटचा बल्ब लावला की तो मिणमिणतो किंवा लागतच नाही, आणि चोर पकडला जातो. मी मीटर वापरतो, पण दिव्यानंतर. टेस्ट दिव्याला चुकून १२ व्होल्टचा बल्ब लावू नका, २४ वर तो लगेच उडेल आणि तुम्हाला वाटेल करंट नाही.

टेस्ट दिव्याची क्लिप चेसिसच्या उघड्या लोखंडाला लावा. आधी दिवा बॅटरीच्या प्लसला टेकवून बघा की तो लागतो. नाहीतर अर्थच न लागलेल्या दिव्याने तुम्ही तासभर तारा तपासत बसाल. मग चावी बंद ठेवून हॅझर्ड स्विचच्या कपलरमध्ये ३० च्या पिनेला सळई टेकवा. दिवा लख्ख लागला तर फ्यूजकडून येणारी वाट चांगली, स्विच खराब. लागला नाही किंवा मिणमिणला तर फ्यूज बॉक्स उघडा.

जुन्या गाड्यांत अजून ते गोळीसारखे फ्यूज असतात, दोन्ही टोकं निमुळती, अंगावरून धातूची पट्टी. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा, निळा २५ चा. हे फ्यूज डोळ्यांनी बघून पास करू नका. पट्टी अखंड दिसते, पण टोकाच्या टोपीत आणि चिमट्यात हिरवट काट चढलेला असतो. दिव्याने चिमट्याच्या दोन्ही बाजू तपासा. एका बाजूला लख्ख आणि दुसऱ्या बाजूला मंद, म्हणजे दोष चिमट्यात. फ्यूज फिरवून काढा, चिमटे पॉलिश पेपरने हलके घासा, पक्कडीने किंचित आवळा, नवीन फ्यूज घाला. नवीन गाड्यांच्या चपट्या फ्यूजचे रंग वेगळे आहेत, तिथे लाल म्हणजे १० आणि निळा म्हणजे १५. एका पद्धतीचा रंग दुसरीकडे धरू नका.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळलेली सापडली तर ती काढाच. आणि ती तिथे का आली, याचा विचार करा. कोणीतरी सारखा फ्यूज उडत होता म्हणून वैतागून ती लावली असणार. म्हणजे पुढे कुठेतरी तार घासून लोखंडाला लागतेय. हिशोब बघा: २४ व्होल्टला २१ वॉटचा एक बल्ब साधारण पाऊण ते एक अँपिअर घेतो. चारांचे साडेतीन, बाजूच्या दोन छोट्या दिव्यांसकट चारच्या आसपास. ८ अँपिअरचा फ्यूज यावर कधीही उडायला नको. उडत असेल तर शॉर्ट आहे किंवा कोणीतरी त्या लाइनवर भलतंच काही जोडलंय. टाटा ४०७ सारखी १२ व्होल्टची गाडी असेल तर करंट दुप्पट होतो, चार बल्बांनाच सात अँपिअर. तिथे ८ चा फ्यूज काठावर राहतो, कंपनीने दिला असेल तोच आकडा ठेवा.

फ्यूज बॉक्सवरच करंट नसेल तर मागे बॅटरीकडे जा. इथे एक गोष्ट बऱ्याच गाड्यांमध्ये बघितलीय. टेप आणि मोबाईल चार्जर १२ व्होल्टचे असतात, म्हणून दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्टची तार काढलेली असते. एका गाडीत हॅझर्डचं ३० कोणीतरी याच तारेला जोडलं होतं. दिव्याने तपासलं तर दिवा लागतोय, पण पिवळा, मरतुकडा. २४ चा फ्लॅशर १२ वर काय चालणार? मालकाने तीन फ्लॅशर फेकून दिले होते. मधून असं १२ व्होल्ट ओढत राहणं बॅटऱ्यांनाही मारतं: एक अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून २५ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत आणि प्रत्येकीवर सारखे. एकीवर १२.७ आणि दुसरीवर ११.८ असेल तर हॅझर्डच्या आधी तिचा बंदोबस्त करा. टेपसाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा आणि ती मधली तार काढून टाका.

३० ला लख्ख करंट असेल आणि स्विच दोषी ठरला, तर नवीन आणण्याआधी कपलर नीट बघा. एखाद्या पिनेभोवती प्लास्टिक तपकिरी पडलंय किंवा वितळलंय का? असेल तर तिथली मादी पिन सैल होऊन तापत होती. नुसता स्विच बदलला तर नवा स्विचही सहा महिन्यांत जळेल. ती पिन कापून नवीन क्रिंप करा, तार काळी पडली असेल तर चांगला तांब्याचा रंग दिसेपर्यंत मागे कापा. स्विच उघडून साफ करायचा असेल तर पसरलेल्या कपड्यावर उघडा. आत छोटी स्प्रिंग आणि गोळी असते, ती उडाली की क्लीनरला केबिनभर रांगत शोधावं लागतं. कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने खरवडू नका, वरचा पातळ थर निघून जातो. जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवून मधून ओढा, तेवढं पुरतं. आणि बाजारातून आणलेला नवीन स्विच जुन्या कपलरमध्ये बसला म्हणून लगेच बटण दाबू नका. आकार तोच पण पिनांची जागा वेगळी, असे स्विच सर्रास मिळतात. मागचे आकडे जुन्याशी ताडून बघा. ३० च्या जागी ३१ आलं तर दिव्यांच्या आधी फ्यूज जाईल, आणि फ्यूजच्या जागी चांदी असेल तर वायरिंग.

हे झालं तुमच्यापुरतं. पण हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांचे इंडिकेटरही बंद असतात, त्यांच्यासाठी थोडं.

हॅझर्ड आणि इंडिकेटर दोन्ही मेले असतील तर फ्लॅशरवर संशय घ्यायला जागा आहे. त्याला तीन किंवा चार पिना असतात: ४९, ४९ए, ३१, कधी सी. चावी चालू, दांडी एका बाजूला. फ्लॅशर काढा, त्याच्या सॉकेटमध्ये ४९ आणि ४९ए छोट्या तारेने जोडा. त्या बाजूचे दिवे न लुकलुकता सरळ लागले, तर बाकी सगळं ठीक, फ्लॅशर गेला किंवा त्याचा अर्थ तुटला. ३१ च्या भोकाजवळ ही तार नेऊ नका, सरळ शॉर्ट होईल. मनगटात कडं असेल तर काढून ठेवा. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला ३१ चा अर्थ मिळाला नाही की तो मुका राहतो आणि उगाच बदलला जातो. नवीन घेताना अंगावरचं वाचा: २४ व्होल्ट, आणि किती बल्बांचा. ‘२×२१’ लिहिलेला फ्लॅशर डाव्या-उजव्याला पुरतो, चारी एकदम लावले की अडखळतो किंवा दिवे सरळ पेटून राहतात.

मागे एलईडीचे दिवे लावलेत का, हेही बघा. एलईडी इतका कमी करंट घेतो की जुन्या पत्तीच्या फ्लॅशरला तो जाणवतच नाही, आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला, म्हणून तो दुप्पट वेगाने टिकटिकतो. नियमाप्रमाणे मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवं. घड्याळ लावून मोजा, पासिंगला मोजणारे भेटतात. यावर रेझिस्टर लावून भार वाढवायचा उपाय लोक सांगतात. मी लावत नाही. तो भाजण्याइतका तापतो आणि बरेचदा मागच्या लाकडी फळीला टेकलेला असतो. एलईडीला चालणारा फ्लॅशर घ्या. उलट दिशेचा घोळही असतो: कपाळावरच्या झगमग माळा, आरशावरचे दिवे, सगळे इंडिकेटरच्या तारेला जोडलेले. बॉडी सजवणाऱ्याला सगळ्यात जवळची तार तीच सापडते. त्या माळा तोडून वेगळ्या फ्यूजवर घ्या.

एकाच बाजूचे दिवे लागतात, मंद लागतात, किंवा हॅझर्डबरोबर ब्रेक लाइटही लुकलुकते, तर दोष अर्थचा. मिरकरवाड्याहून मासळी भरून घाटावर येणारी एक गाडी दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे यायची, तक्रार हीच. बर्फ वितळून खारं पाणी हौद्यातून मागच्या दिव्यांवर ठिबकायचं. मी होल्डर बदलायचो, चालायचं, पुन्हा बंद. शेवटी दिव्याचा पत्रा ज्या बोल्टने चेसिसला आवळला होता तो काढला. खाली लोखंड नव्हतंच, गंजाची पोळी होती. दिव्याचा सगळा अर्थ त्या पोळीतून जात होता. दीड चौरस मिलिमीटरची वेगळी तार दोन्ही मागच्या दिव्यांवरून ओढून चेसिसच्या आतल्या बाजूला, पाणी पोचणार नाही तिथे, थिंबलने (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीने) आवळली आणि वरून ग्रीस लावलं. त्यानंतर ती गाडी फक्त चहाला थांबते. अर्थ मोजायचा असेल तर दिवा लागलेला असताना मोजा: मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ खराब.

उसाच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. हंगामात मोळ्या आणि वाढे मागच्या दिव्यांवरून घासत उतरतात आणि तारा ओढल्या जातात. तार तुटते ती प्लास्टिकच्या आत, बाहेरून शाबूत दिसते. दोन बोटांत धरून हळू ताणा. तुटलेल्या जागी ती रबरासारखी लांबते. आणि तुमची गाडी काउल चेसिसवर बाहेर केबिन बांधलेली असेल तर डॅशबोर्डच्या मागे लाकडी पट्टीचे स्क्रू बघा. हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुडग्याच्या पोटातून आरपार गेलेला स्क्रू मी एकदा नाही, पुष्कळदा काढलाय. अठरा वर्षं तो तिथे गप्प बसतो आणि मग एखाद्या पावसाळ्यात शॉर्ट देतो.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर असेल तर रिफ्लेक्टरचा त्रिकोण केबिनमध्ये हाताशी ठेवा, सीटखाली साखळदंडाच्या मागे नको. बंद पडलात तर नुसता उजवा इंडिकेटर लावून ठेवू नका. मागून येणाऱ्याला ती वळणारी किंवा चालती गाडी वाटते आणि तो वेग कमी करत नाही. मागच्या साइड लाइट चालू ठेवा, त्रिकोण बऱ्यापैकी लांब ठेवा, घाटात तर वळणाच्या अलीकडे. रस्त्यावर दगड मांडलेत तर निघताना उचला. त्या दगडांवर पडलेले मोटरसायकलवाले मी बघितलेत. आणि हॅझर्ड एकदा चालू झाला म्हणून चौकात ‘सरळ जायचंय’ सांगायला तो लावू नका. डावीकडून येणाऱ्याला तुमचे डावेच दिवे दिसतात, त्याला वाटतं तुम्ही डावीकडे वळताय. कसाऱ्याच्या धुक्यातही चालत्या गाडीला हॅझर्ड लावून ठेवला की तुमचा खरा इंडिकेटर कोणाला कळत नाही.

पासिंगबद्दल: आठ वर्षांवरच्या गाडीला ते दरवर्षी आहेच, त्यामुळे या खर्चाला फाटे फोडू नका. काम झाल्यावर चावी खिशात घालून हॅझर्ड वीस मिनिटं चालू ठेवा. मग फ्लॅशर, स्विचचा कपलर आणि फ्यूजचा चिमटा, तिन्हींना बोट लावा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर तिथला जोड अजून सैल आहे, तो परत उघडा. त्यानंतर इंजिन चालू करून पुन्हा एकदा बघा, कारण तेव्हा व्होल्टेज २८ च्या आसपास जातं आणि दुबळा फ्लॅशर तिथे उघडा पडतो.

आज संध्याकाळी आधी ती बटणाची आणि चावीची परीक्षा करा. डावे दिवे बटण दाबल्यावर विझले की चावी बंद केल्यावर, एवढंच कळवा. वायरमनला कोणती तार धरायची ते तिथून सांगतो.